आदिबंध सापडला, आता पुढे काय?

नाशिकमध्ये एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. तिने कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेवर आदिबंधात्मक समीक्षेच्या, म्हणजे जगभरच्या कथांत पुन्हा पुन्हा येणारे साचे साहित्यात शोधणाऱ्या समीक्षेच्या, अंगाने लिहिले. पूर म्हणजे प्रलय, पाणी म्हणजे मृत्यू आणि पुनर्जन्म, सर म्हणजे ज्ञानी वृद्ध, पूरग्रस्त विद्यार्थी म्हणजे संकटातून तावूनसुलाखून निघणारा नायक. मार्गदर्शकांनी कागद परत केले आणि म्हणाले, “हे कुठल्याही कवितेला चिकटवता येईल.” मग वैश्विक मिथके आणि प्रतीके हाताशी घेऊन साहित्य वाचण्यात काही अर्थ आहे की नाही, असे तिने विचारले आहे.

अर्थ आहे. पण तुमचे मार्गदर्शक बोलले ते बरोबरच आहे. तुम्ही लिहिलेले चुकीचे नाही, अर्ध्यावर थांबलेले आहे. मी बरीच वर्षे समीक्षा शिकवतो आहे आणि ही पद्धत मला मनापासून प्रिय आहे. म्हणून तिचा असा अर्धवट वापर झालेला पाहिला की वाईट वाटते. तुमच्या निमित्ताने जरा सविस्तर लिहितो.

सिद्धान्ताचा भाग पटकन आवरू. फ्रेझर या स्कॉटिश अभ्यासकाने १८९० पासून जगभरचे विधी आणि दैवतकथा यांचा प्रचंड संग्रह छापायला घेतला. मरून पुन्हा उठणारा देव, अंगातली शक्ती ओसरली की बाजूला सारावाच लागणारा राजा, ही सूत्रे तिथून आली. स्विस मानसशास्त्रज्ञ युंगने त्याला मानसशास्त्राची बैठक दिली. प्रत्येकाच्या वैयक्तिक नेणिवेखाली, म्हणजे मनाच्या आपल्याला न जाणवणाऱ्या थराखाली, मानवजातीची एक सामूहिक नेणीव असते आणि तिच्यात अनुभव घेण्याचे काही साचे जन्मजातच असतात, असे त्याचे म्हणणे. माता, छाया, ज्ञानी वृद्ध, बालक हे ते साचे, म्हणजेच आदिबंध. १९३४ मध्ये मॉड बॉडकिन यांनी ते कवितेला लावून दाखवले, १९४९ मध्ये कॅम्बेलने प्रयाण, दीक्षा आणि परतणे असा नायकाच्या प्रवासाचा आराखडा मांडला आणि १९५७ मध्ये कॅनडातल्या नॉर्थ्रॉप फ्रायने सगळे साहित्यप्रकारच ऋतुचक्रात बसवले. परीक्षेपुरते एवढे पुरते.

यातली एक गोष्ट मात्र परीक्षेत विचारत नाहीत आणि तीच सर्वांत कामाची आहे. आदिबंध हा रिकामा आकार असतो, त्यात आशय आधीपासून भरून ठेवलेला नसतो, असे युंग स्वतः पुन्हा पुन्हा बजावतो. त्यासाठी तो स्फटिकाचे उदाहरण देतो. द्रावणात स्फटिकाच्या अक्षांची रचना ठरलेली असते, पण प्रत्यक्षात तयार होणारा प्रत्येक स्फटिक वेगळा असतो. तुम्ही ‘कणा’मध्ये अक्ष शोधलात आणि स्फटिक न बघताच उठलात. ‘पाणी म्हणजे पुनर्जन्म’ हे वाक्य कवितेबद्दल काहीच सांगत नाही, ते पाण्याबद्दल सांगते. कविता आदिबंधाशी कुठे जुळते यात तिचा अर्थ थोडा असतो. ती त्याच्याशी कुठे फटकून वागते, यात तो फार असतो.

आता ‘कणा’च घेऊ. आधी प्रलयकथांचा साचा नीट आठवा. शतपथ ब्राह्मणातला मनू आणि मासा, बायबलमधला नोहा, त्याहून जुन्या मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश महाकाव्यातला उत्नापिश्तिम. बहुतेक ठिकाणी पाण्यामागे कोणाची तरी इच्छा असते. देव रागावलेले असतात किंवा वैतागलेले असतात, निवडलेल्या एकाला आधी सूचना मिळते, नाव तयार होते, आणि पाणी ओसरल्यावर नवे जग सुरू होते. आता कवितेकडे या. इथे राग कुठे आहे? कोणाचे पाप आहे? सूचना नाही, नावही नाही. नदी ‘गंगामाई’ म्हणून, पाहुणी होऊन येते. नुसती पाहुणीही नाही. ती माहेरवाशीण पोरीसारखी घराच्या चार भिंतींत नाचते. पुढची ओळ वाचताना थांबा: ती मोकळ्या हाताने परत कशी जाईल, असे तो माणूस म्हणतो. आपल्याकडे लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात, तिला रिकामी पाठवत नाहीत. त्याच्या घरातले होते-नव्हते ते सगळे वाहून गेले, आणि ते त्याने लेकीच्या पाठवणीच्या भाषेत सांगितले. जाताना तिने मागे काय ठेवले? प्रसाद म्हणून पापण्यांवर थोडे पाणी. तो रडला आहे हे कवितेत एवढेच कळते, आणि तेही प्रसादाच्या नावाखाली.

जगभरच्या बहुतेक प्रलयकथांत पाणी म्हणजे वरून आलेली शिक्षा असते. इथे ते घरच्याच मुलीचे येणे आहे, आणि घरच्या मुलीवर कोणी रागावत नाही. त्याच्या तोंडी तक्रार का नाही, हे या एका उपमेतून उलगडते. कवीने प्रलयाचा साचा घेतला आणि त्यातून देवाचा कोप काढून टाकला. त्या रिकाम्या जागी त्याने एक कौटुंबिक रीत बसवली. हे तुमच्या निबंधात आले असते, तर मार्गदर्शकांनी कागद परत केले नसते.

इथे नाशिकचा वाचक म्हणून तुमच्या हाती एक जास्तीची गोष्ट आहे. इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी गोदावरी म्हणजे गंगाच. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडे किंवा घाटावर. पूर आला की तो मोजायचा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी कमरेला लागले, छातीला आले, डोक्यावरून गेले, अशी बातमी गावभर होते. ज्या घाटावर दशक्रिया होते आणि अस्थी विसर्जित होतात, तिथेच भाजीचा बाजारही भरतो. अशा गावात नदीला पाहुणी म्हणणे ही कवीची चमत्कृती वाटत नाही, ती रोजच्या ओळखीतून आलेली आहे. कवितेतला पूर नाशिकचाच आहे असे मी म्हणत नाही, तसे कवितेत कुठे लिहिलेले नाही. पण नदीशी असलेले हे नाते माहीत नसेल, तर ‘गंगामाई’ हा शब्द वाचक थेट काशीला नेऊन ठेवील.

आता सर. युंगच्या ज्ञानी वृद्धाचे काम काय असते? नायक अडला की वाटेत भेटायचे, सल्ला द्यायचा, एखादी मंतरलेली वस्तू हातात ठेवायची. या कवितेतले सर संपूर्ण कवितेत एक शब्दही बोलत नाहीत. त्यांचा हात खिशाकडे जातो, म्हणजे ते त्यांच्या परीने वस्तू द्यायला निघाले आहेत, आणि नेमकी तीच वस्तू नायक नाकारतो. पैसे नकोत, एकटे वाटले म्हणून आलो, असे सांगतो. आपल्याला काय हवे आहे तेही तोच गुरूला सांगतो: पाठीवर हात ठेवा आणि लढ म्हणा. म्हणजे मंत्र शिष्यानेच आणला आहे. गुरूने तो फक्त उच्चारायचा आहे. आदिबंध इथे पूर्ण उलटा झाला. शिवाय हात पाठीवर पडला की नाही, हे कविता सांगत नाही. ती मागणीवर संपते. तुम्ही ‘सर म्हणजे ज्ञानी वृद्ध’ असे लिहून पुढे गेलात, तेव्हा हे सारे नाट्य तुमच्या हातून निसटले.

पद्धत एवढीच आहे. आधी साचा स्पष्ट आठवायचा, शक्य तर दोन-तीन संस्कृतींतून. मग साहित्यकृतीत त्याचा कोणता भाग आला, कोणता गळाला, कोणता उलटला, ते ओळ न् ओळ बघायचे. साच्याचा गळालेला भाग आलेल्या भागापेक्षा जास्त बोलतो, असा माझा अनुभव आहे. ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ असे वाचून बघा. द्यौ आणि पृथ्वी यांचे मीलन ही ऋग्वेदाइतकी जुनी कल्पना आहे, जगात अनेक ठिकाणी आढळणारी. कुसुमाग्रजांची पृथ्वी सूर्यावर प्रेम करते, पण मीलन होतच नाही. दुबळ्यांच्या शृंगारापेक्षा तिला त्याचे दूर असणे परवडते. विवाह गळाला आणि अंतर उरले, आणि त्या कवितेचे मोठेपण त्या अंतरातच आहे.

आता ‘वैश्विक’ या शब्दाबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. फ्रायच्या मांडणीत वसंत म्हणजे सुखात्मिका, ग्रीष्म म्हणजे अद्भुतकथा, शरद म्हणजे शोकात्मिका आणि हिवाळा म्हणजे उपरोध. मांडणी देखणी आहे, पण ती थंडीत गोठणाऱ्या मुलखाची आहे. आपल्याकडे जमीन मरते ती चैत्र-वैशाखात आणि जिवंत होते मृगाच्या पावसाने. हिवाळा हा आपला सुगीचा, लग्नसराईचा, हुरड्याचा काळ. द्राक्षाचेच बघा. युरोपच्या मिथकांत द्राक्षवेल ही मरून उठणाऱ्या देवाची खूण, कारण तिथे ती हिवाळ्यात वाळल्यासारखी दिसते आणि वसंतात फुटते. दिंडोरी-निफाडकडचा बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी घेतो, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. युरोपची वेल झोपलेली असते त्या दिवसांत, जानेवारीपासून, इथे द्राक्षांची काढणी चालते. म्हणून मराठी कथेत हिवाळा आला की लगेच मृत्यूचे प्रतीक लिहू नका. पुनर्जन्माची कल्पना जगभर असेल, पण ती कोणत्या महिन्यात येते हे त्या त्या ठिकाणचे आभाळ ठरवते. फ्राय वाचाच, पण त्याचे ऋतू मराठी साहित्यावर जसेच्या तसे घालू नका.

म्हणून आदिबंध ही कल्पनाच पोकळ आहे, असे मात्र समजू नका. तिच्या बाजूचा एक पुरावा तुमच्या गावातच आहे. पंचवटी-तपोवनात येणाऱ्या यात्रेकरूंना लक्ष्मणरेषा दाखवतात. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात ही रेषा नाही. तिथे सीतेचे कठोर बोल ऐकून लक्ष्मण निघतो आणि तिला वनदेवतांच्या हवाली करून जातो. रेषा नंतरच्या परंपरेने ओढली, आणि ती इतकी घट्ट बसली की आज ती नसलेले रामायण कोणाला पूर्णच वाटत नाही. असे का झाले असावे? घर आणि रान यांच्यामध्ये एक उंबरठा असतो, तो ओलांडला की कथा पलटते, ही अपेक्षा ऐकणाऱ्यांच्या मनात आधीपासून होती. मूळ संहितेत ती जागा रिकामी होती, लोकांनी ती भरली. सामूहिक कल्पनेचे काम इतक्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळते. मात्र ही रेषा बाईसाठीच ओढली गेली, हेही त्याच दमात लिहावे लागेल. उंबरठा वैश्विक आहे. तो कोणासाठी आखला, हे समाजाने ठरवले.

याच पंचवटीत शूर्पणखेची गोष्ट घडते, तिच्या कापलेल्या नाकावरून नाशिकचे नाव आले असे लोक सांगतात. युंगच्या भाषेत तिला सीतेची छाया म्हणता येते. एक जे मनात ठेवते, ते दुसरी उघड बोलते. विद्यार्थ्यांना हे वाचन फार आवडते आणि ते बऱ्यापैकी टिकतेही. पण इथे थांबले तर शूर्पणखा ही सीतेच्या मनाचा एक कोपरा होऊन बसते. तिला स्वतःचे रान, भाऊ, अपमान आहेत, हे विसरले जाते. मानसशास्त्रीय वाचनातला हा धोका कायम ध्यानात ठेवा, पात्रे माणसे राहत नाहीत, तत्त्वे होतात.

आणि आता काळाराम मंदिर. रामाच्या वनवासाची कथा जर सगळ्यांची असेल, तर त्या कथेच्या देवळाचा दरवाजाही सगळ्यांचा असायला हवा होता. तो नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे चालवला, दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ज्याला आपण वैश्विक मिथक म्हणतो, त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न टाळून नाशिकमध्ये बसून आदिबंधात्मक समीक्षा लिहिता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शंबूक, एकलव्य, कर्ण यांच्याकडे दलित कवी वळले, ते मिथकाची चव म्हणून नाही. कथेत ज्याला मारले, ज्याचा अंगठा घेतला, ज्याला कूळ विचारले, त्याच्या बाजूने ती कथा पुन्हा उभी करायची होती.

बाबुराव बागुलांची ‘वेदाआधी तू होतास’ ही कविता यासाठी जरूर वाचा. सत्याग्रहाच्याच वर्षी, १९३० मध्ये, नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेला हा लेखक आहे. कवितेत तो माणसाला सांगतो की वेदाच्या आधी तू होतास, पंचमहाभूतांचे विक्राळ रूप पाहून तू व्याकूळ होऊन हात उभारलेस, त्या याचनाच ऋचा झाल्या. मिथक कसे जन्मते याची ही एक पूर्ण उपपत्ती आहे आणि ती युंगच्या उलट दिशेने जाते. युंगच्या मांडणीत आदिबंध माणसाच्या आधीचे, माणूस त्यांचा वाहक. बागुलांच्या कवितेत माणूस आधीचा आणि देव त्याने घडवलेले. हे दोन्ही दृष्टिकोन एका प्रकरणात समोरासमोर ठेवले, तर तुमच्या प्रबंधाला कणा येईल.

तुम्ही मराठीत लिहीत आहात, तर युंगइतकाच, खरे तर त्याहून जास्त वेळ लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांना द्या. ‘लज्जागौरी’ (१९७८) मध्ये ते आदिमातेकडेच निघाले आहेत, पण वाट बघा कोणती: उताण्या, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या मूर्ती, कुंभाचे पूजन, रेणुका-यल्लम्माच्या कथा, लोकाचार. प्रत्येक पायरीला हातात काहीतरी ठोस आहे. इतिहासकार दामोदर कोसंबींचे मिथकांवरचे लेखन (१९६२) त्याच कारणासाठी वाचा. देवीचे ठाणे कुठे आहे, तिथून जुनी वाट जाते का, तिला कोण पूजते, असे प्रश्न ते विचारतात. वणीची सप्तशृंगी घ्या. ‘महामाता, महिषासुरमर्दिनी’ एवढे लिहून भागते असे वाटेल. पण अठरा हातांची ती उग्र देवी मान किंचित कलती करून उभी आहे, आणि समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी तिची स्तुती गातात ती ती ऐकते, असे भाविक सांगतात. शस्त्रे धरलेली आणि कान देणारी, अशी दोन्ही रूपे एका मूर्तीत मानणारे लोक कोण आहेत, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. ‘महामाता’ हे लेबल लावले की ती कललेली मान दिसेनाशी होते.

तुम्हाला ‘नटसम्राट’वरही लिहायचे आहे असे तुम्ही म्हटले आहे, म्हणून थोडे त्याबद्दल. म्हातारा राजा, राज्याची वाटणी, मुलांकडून हद्दपारी: शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी असलेले नाते सगळेच सांगतात, फ्रेझरचा शक्ती ओसरलेला राजाही तिथे आहे. पण नाटकाचे नायक बेलवलकर राजा नाहीत. आयुष्यभर राजाची भूमिका केलेला तो नट आहे. लिअरला आपण आदिबंध जगतो आहोत याची जाणीव नसते, बेलवलकरांना ती असते आणि ते तो आदिबंध मोठ्या आवाजात उच्चारतात. त्यांच्याकडे वाटायला राज्य नव्हते, एका मध्यमवर्गीय माणसाची पुंजी होती. नाटकाचे दुःख आणि त्याची भव्यता या दोन्ही गोष्टी राजाच्या भाषेत आणि पुंजीच्या आकारात असलेल्या या फरकातून येतात. यावर स्वतंत्र प्रकरण करा, ‘कणा’च्या शेपटाला जोडू नका.

निबंध पुन्हा लिहिताना सिद्धान्ताची ओळख चार पानांवर जाऊ देऊ नका. फ्रेझर ते फ्राय हा प्रवास परीक्षकांना पाठ असतो. मनू आणि मासा ही कथा मात्र मूळातून, निदान चांगल्या मराठी भाषांतरातून वाचा. त्यात मासा आधी लहान असतो, मनू त्याला वाढवतो आणि मग तो मनूला तारतो, हा तपशील ‘कणा’तल्या गुरुशिष्यांसाठी तुम्हाला उपयोगी पडेल. प्रत्येक आदिबंधाचे नाव लिहिल्यावर लगेच पुढच्या वाक्यात कवितेतला एक तरी असा शब्द दाखवा, जो त्या साच्यात बसत नाही. तसा शब्द सापडला नाही, तर तो आदिबंध त्या कवितेसाठी गाळून टाका. आणि बायकोला विसरू नका. प्रलयानंतर मानववंश पुन्हा सुरू करायला कोणी तरी सोबती लागतो. इथे कारभारीण वाचली आहे, आणि ती दोघे मिळून पडकी भिंत बांधत आहेत, चिखलगाळ काढत आहेत. तुमच्या पहिल्या मसुद्यात तिच्यावर एकही ओळ नव्हती.